जुळ्यातलं एक विरलं. आता आईच्या रक्तावरून बाप कोण ते कळेल का?

सुरंगीचा_वळेसर:
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. प्रश्न माझ्या मावसबहिणीचा आहे. तिला मजकूर वाचून दाखवून, तिच्या परवानगीनेच टाकतेय. गाव सांगत नाही, गोव्यातला डिचोली तालुका एवढं पुरे.

बहिणीला अकरावा आठवडा चालू आहे. लग्न ठरलंय तो मुलगा बोटीवर असतो. रजिस्ट्रारकडे लग्नाच्या नोंदणीची पहिली सही झाली, दुसरी बाकी आहे. तो सुट्टीवर घरी आला त्याच्या थोडंसंच आधी तिचं जुनं प्रकरण कायमचं मिटलं होतं. मधे आठवड्याचंही अंतर नाही. हे तिने त्याला आपणहून सांगितलंय. तो म्हणतो, मूल माझं म्हणूनच वाढेल, तुला चाचणी हवी तर करू, नको तर राहू दे. हवी आहे ती तिलाच. दुसऱ्या सहीआधी मला कळलं पाहिजे, यावर ती अडून बसलीय. मूल ठेवायचं आहे, तेव्हा त्या बाबतीत कोणी सल्ला देऊ नका, प्लीज.

आता खरी गोम. सातव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तेव्हा दोन पिशव्या दिसल्या, दोन्हीत ठोके. मग थोडं रक्त गेलं. दहाव्या आठवड्यात परत बघितलं तर एकाचेच ठोके, दुसरी पिशवी आक्रसलेली. डॉक्टरीण म्हणाली, असं होतं, जिवंत आहे त्या बाळाची वाढ चांगली आहे, काळजी करू नका.

एका लॅबच्या एजंटाने सांगितलंय की आईचं रक्त आणि होणाऱ्या नवऱ्याच्या गालाच्या आतला नमुना परदेशी पाठवायचा, थोड्या दिवसांत रिपोर्ट, ९९.९ टक्के खात्री. फॉर्म आला. त्यात प्रश्न आहे: गर्भ एक की जुळे? एजंट म्हणतो, आता एकच आहे ना, मग ‘एक’वर खूण करा. बहिणीने पेन खाली ठेवलं आणि मला फोन केला. तिथे काय लिहायचं? आणि जे बाळ आता नाहीच, त्याचा या चाचणीशी काही संबंध येतो का?

तिठा:
९९.९ टक्के म्हणतायत ना, मग विषय संपला. उगाच खोलात कशाला शिरायचं? ‘एक’ लिहा आणि मोकळे व्हा.

डॉ_साकव:
अजिबात ‘एक’ लिहू नका. फॉर्म भरूच नका तूर्त. मी प्रसूतिशास्त्रातली आहे, पितृत्व तपासणाऱ्या लॅबमधली नाही, पण या प्रश्नातला अर्धा भाग रोज माझ्या टेबलावर असतो.

गरोदर बाईच्या रक्तातल्या द्रवात बाळाच्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९७ साली दाखवून दिलं, आणि आजच्या सगळ्या ‘फक्त आईच्या रक्तावरून’ होणाऱ्या चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. पितृत्वाची चाचणीही त्यातलीच. आपण त्यांना बाळाचे तुकडे म्हणतो खरे, पण ते येतात वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. वारेच्या पेशी झिजतात, मरतात, आणि त्यांचा डीएनए आईच्या रक्तात उतरतो. दहाव्या-बाराव्या आठवड्यात आईच्या रक्तातल्या अशा मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहावा हिस्सा वारेचा असतो, उरलेला आईचा स्वतःचा. हा हिस्सा ४ टक्क्यांच्या खाली असला तर बऱ्याच लॅब नमुना परत करतात.

बाळंतपण झालं, वार पडली की हे तुकडे एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातात. विरलेल्या जुळ्याचं तसं होत नाही. त्याचे ठोके थांबले तरी त्याची वार आत आहे तिथेच असते. ती हळूहळू मोडत जाते आणि मोडता मोडता तुकडे सोडत राहते. ठोके थांबून आठ आठवडे उलटल्यावरही ते आईच्या रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या बहिणीला तर अजून फार तर तीन-चार आठवडे झालेत. म्हणजे आज तिचं रक्त काढलं तर त्यात तिघांचा डीएनए असणार, तिचा स्वतःचा, जगलेल्या बाळाचा आणि गेलेल्याचा. लॅब मात्र दोघांचाच आहे असं धरून हिशोब करणार, कारण फॉर्मवर तसं लिहिलेलं असेल.

आणि तिला सांगा, हे दुर्मीळ नाही. सुरुवातीच्या सोनोग्राफीत जुळी दिसली तर साधारण २० ते ३० टक्के वेळा त्यातलं एक असं विरून जातं. पूर्वी सातव्या आठवड्यात कोणी बघतच नव्हतं, म्हणून कळायचं नाही इतकंच.

अंकगणित:
डॉक्टर, मान्य. पण एक शंका. मी जीवशास्त्रातला नाही, डेटाचं काम करतो. समजा दोन्ही गर्भ एकाच बापाचे. मग बिघडलं कुठे?

माझ्या समजुतीप्रमाणे लॅब डीएनएतल्या अशा जागा शोधते जिथे आईकडे दोन्ही अक्षरं सारखीच आहेत, समजा दोन्ही ‘अ’. तिथे रक्तात थोडासा ‘ब’ दिसला तर तो आईचा असूच शकत नाही, तो बापाकडून आलेला. मग बघायचं, संशयित पुरुषाकडे त्या जागी ‘ब’ आहे का? अशा शेकडो-हजारो जागा तपासतात. खऱ्या बापाकडे सगळ्या ‘ब’चा हिशोब लागतो, परक्याकडे ढीगभर जागी लागत नाही. आता गर्भ दोन असले आणि बाप एकच असला, तरी प्रत्येक ‘ब’ त्याच्याकडूनच आलेला असणार. मग उत्तर बरोबरच येईल ना?

डॉ_साकव:
@अंकगणित, तुमचं बरोबर आहे, आणि हे कोणीतरी बोलायला हवंच होतं. नेटवर अर्ध्या लोकांनी असं पसरवलंय की जुळं विरलं म्हणजे रिपोर्ट हमखास खोटा. तसं नाही. दोघांचा बाप एक असेल तर ‘हाच बाप’ हे उत्तर सहसा टिकतं. जुळी एकसारखी, म्हणजे एकाच बीजापासून फुटलेली असतील तर प्रश्नच मिटला, दोघांचा डीएनए एकच.

घोळ होतो तो दुसरीकडे. एक तर सॉफ्टवेअर बनवलेलं असतं एका गर्भासाठी. एक गर्भ असला की बापाकडून आलेलं अक्षर सगळ्या जागी साधारण सारख्याच प्रमाणात दिसतं. दोन असले की काही जागी जास्त, काही जागी अगदी पुसट. हे पुसट म्हणजे गेलेल्या बाळाचा खरा अंश, की मशीनच्या वाचनातली चूक? लॅबला जुळ्याचं सांगितलेलंच नसेल तर ती पुसट खुणा चूक समजून सोडून देऊ शकते, नाहीतर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा शेरा मारून पैसे ठेवून घेते. दुसरं म्हणजे संशयित पुरुष भाऊ-भाऊ किंवा जवळचे नातेवाईक असतील तर चाचणीला मुळातच फार स्वच्छ नमुना लागतो.

तिसरं कारण या धाग्यापुरतं सगळ्यात महत्त्वाचं. दोन पुरुषांत आठवड्याचंही अंतर नाही असं लिहिलंय. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतं. स्त्रीबीज मात्र जेमतेम दिवसभर. एकाच महिन्यात दोन स्त्रीबीजं सुटली, एक याच्यामुळे फळलं आणि एक त्याच्यामुळे, असं घडू शकतं. वैद्यकात अशा केसेस नोंदल्या गेल्यात. अत्यंत दुर्मीळ आहे. दुसऱ्या कोणाच्या प्रश्नात मी हा मुद्दा काढलाही नसता. पण इथे तारखाच तशा आहेत, आणि दोन गर्भ खरोखर होते.

अंकगणित:
म्हणजे दोन बागायतींतल्या काजूबिया एकाच पोत्यात आल्या, आणि तपासणारा म्हणतोय पोतं एकाच मालकाचं.

डॉ_साकव:
हो, आणि त्यातही तो मूठभर बिया काढून बघतोय. वाईटातलं वाईट असं होऊ शकतं: जगलेलं बाळ एकाचं, विरलेलं दुसऱ्याचं. रक्तात दोघांच्याही खुणा. रिपोर्ट काय येईल ते मोठी वार कोणाची, गेलेलं किती दिवसांपूर्वी गेलं आणि लॅब किती बारकाईने बघते यावर अवलंबून. पुन्हा सांगते, शक्यता नखाएवढी. पण ९९.९ हा आकडा एका गर्भाच्या गरोदरपणाचा आहे. तो इथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

तिठा:
मग सोनोग्राफीवरून तारीख काढा की! अमुक दिवशी राहिलं म्हणजे अमक्याचं. डीएनएची भानगडच नको.

डॉ_साकव:
पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढतात. ती पद्धत चांगली आहे, तरी पाच-सात दिवस इकडेतिकडे होतंच. महिन्याचा फरक असता तर डीएनएशिवाय निकाल लागला असता. इथे फरक आठवड्याच्या आतला. शिवाय एक खबरदारी: गेलेल्या बाळाची वाढ थांबलेली असते, त्यामुळे त्याची लांबी कमी भरते. तारीख काढताना जिवंत बाळाचंच माप धरलंय ना, ते रिपोर्टवर बघून घ्या.

@सुरंगीचा_वळेसर, सातव्या आठवड्याच्या रिपोर्टवर दोन पिशव्यांबद्दल नेमकं काय लिहिलंय? ‘डीसीडीए’ की ‘एमसीडीए’?

सुरंगीचा_वळेसर:
फोटो मागवला तिच्याकडून. ‘डीसीडीए’ लिहिलंय, आणि खाली ‘लॅम्डा साइन’ की काहीतरी. याचा अर्थ जुळी वेगवेगळी होती का?

डॉ_साकव:
दोघांच्या वारा वेगळ्या, पिशव्या वेगळ्या, इतकाच अर्थ. ‘एमसीडीए’ असतं, म्हणजे वार एकच, तर मी म्हटलं असतं की जुळी एकसारखी, पाठवा रक्त लॅबला. ‘डीसीडीए’वरून मात्र ठरत नाही. दोन बीजांची जुळी सगळी अशीच असतात, पण एका बीजाच्या जुळ्यांपैकीही साधारण तिसरा हिस्सा असाच असतो. तेव्हा वेगवेगळी धरूनच चालायचं.

ही सोनोग्राफी जपून ठेवा. दहाव्या आठवड्यानंतर नवीन डॉक्टरकडे गेलात तर तिला दुसरी पिशवी दिसेलच असं नाही. मग पुढच्या प्रत्येक कागदावर नुसतं ‘एक गर्भ’ येत जाईल.

म्हापशाची_मिरची:
हे शेवटचं वाक्य मला सोन्याच्या अक्षरांत लिहून द्या कोणीतरी.

आमच्या वहिनीचं हेच झालं. पितृत्वाचं नव्हे, दोषांची जी रक्ततपासणी करतात, एनआयपीटी, त्यात ‘हाय रिस्क’ आला. घरात चूल पेटेना अशी अवस्था. आई देवाला कौल लावून आली, दादा रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसायचा. मग गर्भजल तपासणी झाली, तिचा निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. निकाल आला, बाळ एकदम व्यवस्थित. मग बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात एका वयस्कर मॅडमनी सगळी फाइल पहिल्या पानापासून चाळली आणि विचारलं, ‘इथे दुसरी पिशवी लिहिलीय, ती कुठे गेली?’ दोष होता तो विरलेल्या बाळात, आणि त्याचेच तुकडे वहिनीच्या रक्तात फिरत होते. आधीच्या दवाखान्यातून फाइल हलली तेव्हा तो पहिला कागद मागेच दडपला गेला होता. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण तिथल्या रिसेप्शनच्या बाईला मी जे बोलले ते अजून तिच्या लक्षात असेल.

पोर आता अंगणवाडीत जातं. भारी वांड आहे.

डॉ_साकव:
@मिरची, ही अगदी पाठ्यपुस्तकातली केस. विरणाऱ्या गर्भात गुणसूत्रांचा दोष असण्याचं प्रमाण मुळात जास्त असतं, म्हणूनच त्यातले बरेच टिकत नाहीत. त्यामुळे एनआयपीटीत खोटी घंटा वाजते. बाळ मुलगी असताना रक्तात वाय गुणसूत्र दिसण्याचंही कारण कधी कधी हेच असतं. (आपल्याकडे लिंग सांगायला बंदी आहे, ते विचारूही नये. परदेशी लॅब रिपोर्टसोबत ‘फुकटात’ सांगते म्हणून भुलू नका, कायदा नमुना पाठवणाऱ्यालाही धरतो.)

कोकम_आगळ:
[प्रतिसाद काढून टाकला आहे]

संपादक:
संस्कारांवरचं प्रवचन काढून टाकलं आहे. धागालेखिकेने वैद्यकीय प्रश्न विचारला आहे. ज्यांना त्यावर काही सांगायचं नाही त्यांनी इतर धागे वाचावेत.

म्हापशाची_मिरची:
धन्यवाद संपादक. मी उत्तर टाइप करत होते, ते छापण्याजोगं नव्हतं.

फोंड्याचा_वकील:
कायद्याची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून.

१९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा फक्त लिंग सांगू नका एवढंच म्हणत नाही. जन्माआधीच्या निदानाच्या चाचण्या कुठल्या कारणांसाठी करायच्या याची यादीच कलम ४ मध्ये आहे: गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, रक्ताचे आजार, लिंगाशी जोडलेले आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग वगैरे. बाप कोण हे जाणून घेणं त्या यादीत नाही. म्हणून नोंदणीकृत केंद्रातला शहाणा डॉक्टर केवळ पितृत्वासाठी पोटात सुई घालणार नाही. एजंट मंडळी रक्त कुरियरने बाहेर पाठवून ही अडचण टाळू बघतात. त्यात हात घालण्याआधी वकिलाशी बोला, एजंटाशी नव्हे.

दुसरं. या रिपोर्टाचं कोर्टात काय होणार? घरी घेतलेला नमुना, कुरियर, कोणाचा गाल कोणी पुसला याला साक्षीदार नाही. त्याची किंमत शून्य. कोर्टाच्या आदेशाने चाचणी करायची तरी ती सहज मिळत नाही. डीएनए चाचणीचे आदेश ऊठसूट द्यायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये घटस्फोटाच्या एका प्रकरणात मुलाच्या हक्काच्या बाजूने पुन्हा ठासून सांगितलं.

तिसरं. वैध लग्न टिकून असताना मूल जन्मलं तर नवराच बाप, हा कायद्याचा ठाम समज आहे. पुराव्याच्या जुन्या कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६. गर्भ कधी राहिला ते तिथे बघत नाहीत, जन्म कधी झाला ते बघतात. नवरा-बायको त्या काळात भेटूच शकत नव्हती हे सिद्ध झालं तरच तो समज मोडतो. इथे मुलगा तेव्हा घरीच होता. आता आपल्याकडची खास गोष्ट: गोव्यात दुसरी सही होऊन नोंद झाल्याशिवाय लग्न पुरं झालं असं धरत नाहीत, मग हॉलमध्ये किती का जेवणं उठेनात. आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आपल्या कुटुंब कायद्यात लग्नाची तारीख आणि जन्माची तारीख यांतलं अंतरही मोजतात. म्हणून दुसरी सही कधी करायची ते ठरवताना एकदा जाणकाराला कागद दाखवा. माझ्या मते बहिणीने चाचणीपेक्षा या तारखेची जास्त चिंता करावी.

अंकगणित:
अवांतर, पण राहवत नाही. जन्मानंतरची चाचणी तरी विरलेल्या जुळ्यापासून सुटका देते का? अमेरिकेतली ती गोष्ट आठवली, २०१५ च्या सुमारास बातम्यांत होती. बाळाचा आणि बापाचा डीएनए जुळेना. खोलात गेले तर चाचणी म्हणते हा माणूस बाळाचा काका! शेवटी निघालं असं की त्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात त्याच्या जन्माआधीच विरलेल्या जुळ्या भावाच्या पेशी मुरल्या होत्या. गालातून एक डीएनए, वीर्यात थोडा दुसरा.

म्हापशाची_मिरची:
म्हणजे जन्मलाच नाही त्या काकाचं पोर. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्या माझ्याच डोक्यावरून मिरच्या ओवाळतील.

डॉ_साकव:
गोष्ट खरी आहे, पण त्यावरून धाग्यातल्या माणसांना घाबरवू नका. असा माणूस भेटणं लॉटरी लागण्यातला प्रकार. जन्मानंतर बाळाच्या गालातून नमुना घेतला की तो जगलेल्या बाळाचाच असतो, वारेचा नाही आणि आईच्या रक्तातलाही नाही. विरलेल्याचा प्रश्न तिथे व्यवहारात संपतो.

गरोदरपणातच दुसऱ्या कारणासाठी गर्भजल काढावं लागलं तर तेही जिवंत बाळाच्या पिशवीतूनच येतं, त्यामुळे स्वच्छ. वारेचा तुकडा काढण्याची तपासणी मात्र अशा केसमध्ये मी टाळेन. दोन वारा शेजारी चिकटून बसलेल्या असतात, सुई कोणाच्या वारेत गेली याची खात्री कोण देणार? बाकी नुसत्या पितृत्वासाठी यातलं काहीच नको. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी म्हणते पोटात सुई घालायला तेवढं सबळ कारणही नाही. गर्भपाताचा धोका लहान असला तरी असतोच.

‘मग थोडं थांबून रक्त द्यायचं का?’ हा पुढचा प्रश्न येणारच. थांबल्याने गेलेल्या बाळाचा हिस्सा घटत जातो हे खरं. पण अमुक आठवड्यांनी तो शून्य झाला असं कोणालाही छातीठोक सांगता येत नाही. बाईगणिक वेगळं.

तारवटी:
मी बावीस वर्षं बोटीवर काढली. मधे बोलतो, क्षमा असावी.

बोटीवरच्या माणसाची बायको गरोदर राहिली की अख्खं गाव बोटं मोजतं. तो कधी आला, कधी गेला, किती महिने. माझ्या थोरल्याच्या वेळी शेजारच्या म्हातारीने कॅलेंडर काढलं होतं, नंतर तिनेच बाळाला अंगडं शिवलं. त्या मुलाने सगळं ऐकून घेऊन हो म्हटलंय, याचा अर्थ त्याने ते मोजणं सोडून दिलंय. बहिणीला सांगा, त्याच्या शब्दावर भरवसा ठेव.

पण तिला स्वतःला हवं असेल तर तेही चूक नाही, रात्रीची झोप तिची आहे. मग कामाची गोष्ट एवढीच: तो बोटीवर चढायच्या आधी त्याचा नमुना देऊन ठेवा. एकदा साइन ऑन झालं की मधेच परत येणं नाही. बाळ जन्मेल तेव्हा तो कुठल्या समुद्रात असेल कोणास ठाऊक, आणि मग बसा दोघं त्याच्या सुट्टीची वाट बघत.

फोंड्याचा_वकील:
@तारवटी, सूचना उत्तम. फक्त तो नमुना लॅबच्याच माणसाने, ओळखपत्र बघून, सही-साक्षीदारांसमोर घेऊन लॅबमध्येच सीलबंद ठेवावा. घरी फ्रीजमध्ये ठेवलेली काडी पुढे कोणी मानणार नाही.

सुरंगीचा_वळेसर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बहिणीकडे जाऊन आले, धागा दोघींनी बसून वाचला. कोकम_आगळचा प्रतिसाद संपादकांनी काढण्याआधीच मी वाचला होता, तो तिला दाखवला नाही.

ठरलं ते असं. रक्त आता देणार नाही. एजंटाला तिने फोन करून ‘जुळी होती, एक गेलं’ असं सरळ सांगितलं आणि विचारलं, चालेल का. तो आधी म्हणाला चालेल. मग ‘वरती विचारतो’. मग दोन दिवसांनी मेसेज, जुळ्यांच्या गरोदरपणात ही चाचणी आम्ही घेत नाही. म्हणजे त्याच्या सांगण्यावरून ‘एक’वर खूण केली असती तर पैसेही गेले असते आणि हाती आलेल्या कागदाचं करायचं काय हाही प्रश्न.

दुसरी सही बाळंतपणाआधी करणार की नंतर, ते वकिलाला विचारून ठरवतील. पण ‘आधी कळू दे मगच सही’ हा हट्ट तिने सोडला, हे तिचं तिनेच सांगितलं. मी काही समजूत घातली नाही. तारवटीकाकांचा प्रतिसाद तिने मोठ्याने दोनदा वाचला. तिचा होणारा नवराही तिथेच होता, तो म्हणाला नमुना देऊन जातो, तुला कधी उघडावासा वाटला तर उघड.

आणखी एक. ती म्हणाली, या तपासणीच्या गडबडीत जे गेलं त्याच्याबद्दल कोणी बोललंच नाही. सगळे ‘एक आहे ना’ म्हणतात. डॉक्टरांनी ‘गेलेलं बाळ’ असा शब्द वापरला, ते तिला बरं वाटलं.

म्हापशाची_मिरची:
तिला म्हणावं, आमच्या वहिनीने त्या पहिल्या सोनोग्राफीचा फोटो देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलाय. घरात सगळ्यांना माहीत आहे, कोणी काही बोलत नाही. तिला रडायचं असेल तर रडू दे बापडीला, हार्मोन म्हणून उडवून लावू नका.

डॉ_साकव:
छान ठरवलंत. पुढच्या तपासण्यांत दोन गोष्टी न विसरता सांगायच्या. दोषांसाठी एनआयपीटी करायची वेळ आली तर आधी विरलेल्या जुळ्याचं सांगा. अशा वेळी नुसत्या रक्तावर विसंबण्यापेक्षा अकरा ते चौदा आठवड्यांमधली मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी आणि पुढची विसाव्या आठवड्याच्या आसपासची नीट करून घेणं जास्त उपयोगाचं. आणि बहिणीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्त गेलं होतं हे डॉक्टरांना सांगून अँटी-डीचं इंजेक्शन लागतं का ते विचारा. हे दुसरं आजच विचारा, वाट बघू नका.

सुरंगीचा_वळेसर:
ओ पॉझिटिव्ह आहे. एक शेवटचं विचारते. बाळ झाल्यावर गालाचा नमुना लगेच घेता येतो का? नाळेचं रक्त घेतात असंही कोणी म्हणालं.

डॉ_साकव:
नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळण्याची भीती असते, गालच बरा. पहिल्या दिवशीही घेता येतो, पण घाई काय आहे? घ्याल तेव्हा दूध पाजल्यावर तासभर जाऊ द्या, कारण दुधातून आईच्या पेशी बाळाच्या तोंडात राहतात. कापसाची काडी दोन्ही गालांच्या आतून नीट फिरवायची, काडीच्या टोकाला बोट लावायचं नाही. तुमचा हिशोब बघता बाळ ऑगस्टात येणार, म्हणजे ऐन पावसात. काडी पूर्ण सुकल्याशिवाय बंद करायची नाही, आणि लखोटा कागदाचाच. प्लास्टिकच्या पिशवीत घातली तर आपल्या हवेत तिच्यावर बुरशी येते आणि नमुना परत घ्यावा लागतो. लॅबचा माणूस आला तरी त्याच्या हातात काय आहे ते बघून घ्या.